मादी घोयऱ्याला आधी माती द्या

या सदरात माणसांच्या दुखण्यांबरोबर अधूनमधून घरच्या जनावरांविषयीही लिहावे, अशी वाचकांची सूचना असते. त्याप्रमाणे म्हशीची दगडी, कुत्र्याच्या लसी, मांजराचे जंत असे विषय होऊन गेले. आजचा रुग्ण मात्र यांपैकी कुठल्याच दावणीला न बसणारा आहे.

गेल्या हिवाळ्यात राजारामपुरीतले मायलेक दवाखान्यात आले. मुलगा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. त्याच्या हातात बुटाचे खोके आणि खोक्याला पेन्सिलीने पाडलेली भोके. आत सरडा होता, पण आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा नव्हे. अंगाने दोन्ही बाजूंनी चेपलेला, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा, शेपटी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. डोळे खोल गेलेले आणि भर दुपारी मिटलेले.

आई म्हणाली, "डॉक्टर, चार दिवस झालं बघा, काय खाईना. नुसती काच खरवडत बसलीया."

"बाहेर पडायचं असेल म्हणून खरवडते, असं वाटलं मला," मुलगा म्हणाला.

त्याने दोन दिवस आधी मला फोन केला होता. सरडे चार-चार दिवस खात नाहीत, घाबरू नका, सवडीने घेऊन या, असे मी त्याला सांगितले होते. नर आहे की मादी, एवढा एकच प्रश्न विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही. एक्स-रे काढला तेव्हा पोटात बोरांच्या पिशवीसारखी अंडी गच्च भरलेली दिसली. सलाईन दिले, कॅल्शियम दिले, ऊब दिली. शस्त्रक्रिया सोसण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. दुसऱ्या रात्री ती गेली.

तिला बाहेर पडायचे नव्हते. तिला खणायचे होते. ती ज्या काचेच्या माशांच्या टाकीत होती, तिच्या तळाला वर्तमानपत्र घातलेले होते आणि चार दिवस ती त्या कागदाखालची काच उकरत होती.

मुलगा निष्काळजी नव्हता. दिवा आणला होता, झाडाची फांदी ठेवली होती, किडे विकत आणत होता. जे दुकानात दिसते ते सारे त्याने केले होते. मादीला लागणारी गोष्ट दुकानात टांगलेली नसते, म्हणून ती राहून गेली.

घोयरा म्हणजे कोणता सरडा?

आपण ज्याला सरसकट सरडा म्हणतो तो बागेतला सरडा वेगळा. रंग बदलणारा, डोळे दोन दिशांना स्वतंत्रपणे फिरवणारा आणि अंगाच्या लांबीहून लांब जीभ फेकून किडा टिपणारा तो घोयरा. कोणी त्याला सरडगुहिरा म्हणतात, इंग्रजीत कॅमेलिऑन. भारतात त्याची एकच जात आहे. ती आपल्या भागातही बाभळीवर, करवंदीच्या जाळीत, शेताच्या कुंपणावर आढळते. तो विषारी आहे, त्याची फुंकर लागली की माणूस आजारी पडतो, अशा समजुती खेड्यापाड्यांतून ऐकू येतात. त्याला विष नाही, नांगी नाही. फार छेडले तर तो फुगतो, फुत्कार टाकतो, क्वचित चावतो. त्या चावण्याने विषबाधा होत नाही, जखम साबणाने धुवावी एवढेच.

रंगाचेही असेच. पानावर बसला की हिरवा आणि मातीवर बसला की तपकिरी, इतके ते सरळ नाही. उजेड, ऊब, भीती, राग, जोडीदाराची ओढ किंवा नावड, या सर्वांप्रमाणे रंग पालटतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखवले की, कातडीतल्या काही पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि त्यांच्यातले अंतर कमीजास्त झाले की परावर्तित होणारा रंग बदलतो. राजकारण्यांना आपण सरड्याची उपमा देतो. त्यात सरड्यावर थोडा अन्याय होतो, असे मला नेहमी वाटते.

शहरांत पाळण्यासाठी आणला जातो तो आपला नव्हे. तो येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगरांतला, व्हेल्ड कॅमेलिऑन नावाचा. राजारामपुरीतली मादी याच जातीची होती.

पाळता येतो का?

पिंजऱ्याच्या गोष्टी करण्याआधी हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपला देशी घोयरा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे. त्याला पकडणे, घरात ठेवणे, विकणे किंवा विकत घेणे हा तुरुंगवास आणि दंडाचा गुन्हा आहे. 'आमच्या परड्यात सापडला' ही सबब चालत नाही.

परदेशी जातींचा व्यापार 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. केंद्र सरकारने २०२० साली असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याची संधी दिली. पुढे २०२२ साली कायद्यातच दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनी 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावरून नोंदणी बंधनकारक झाली. जन्म, मृत्यू, हस्तांतर हेही कळवायचे असते. तेव्हा कागदपत्रांविना कोणी प्राणी देत असेल तर घेऊ नये. ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांनी वनविभागाकडे आपल्या नोंदणीची चौकशी करावी. हा प्राणी हौसेने आणावा असे माझे मत नाही. पण ज्यांच्या घरी तो आहे, त्या घरातली मादी उपाशी, तहानेली किंवा अंडी अडकून मरू नये, म्हणून पुढचे लिहितो आहे.

कोंबडीला कोंबडा लागतो का?

"पण डॉक्टर, ही एकटीच होती. नर नाहीच, मग अंडी कुठून?" मुलाने विचारले होते. आपल्या जिल्ह्यात घरटी कोंबडी पाळणारी माणसे आहेत, त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडे देते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. व्हेल्ड कॅमेलिऑनच्या मादीचे अगदी तसेच आहे. वयाच्या चौथ्या ते सहाव्या महिन्यापासून तिच्या पोटात अंडी धरू शकतात, नर जन्मात दिसला नाही तरीही. एका खेपेला वीस-तीस, कधी साठ-सत्तरसुद्धा. वर्षातून दोन-तीन खेपा होऊ शकतात. म्हणूनच या जातीचे नर सात-आठ वर्षे जगतात, तर माद्या बहुधा पाचाच्या आतबाहेर संपतात.

फरक एवढाच की, कोंबडी टोपलीत बसून मोकळी होते. घोयऱ्याच्या मादीला जमीन लागते. झाडावरून उतरून, बोगदा खणून, त्यात अंडी घालून, वरून माती दाबून ती बुजवल्याशिवाय तिचे काम पुरे होत नाही. मनासारखी माती मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते. धरलेली अंडी आत वाढतात, चिकटतात, तिच्या हाडांतले कॅल्शियम आधीच कवचासाठी गेलेले असते, स्नायू दुबळे पडतात आणि मग तिला घालायची म्हटली तरी घालता येत नाहीत. कोंबडीचे अंडे अडकते म्हणतात तेच हे, पण एक नव्हे, तीस.

माती कशी आणि किती?

मादीचा पिंजरा करायचा तर सुताराला बोलावण्याआधी मातीचे भांडे ठरवावे. फूट-फूट लांबीरुंदीचे आणि तितकेच खोल प्लॅस्टिकचे टब किंवा मोठी कुंडी पुरते. आतली माती दहा-बारा इंच खोल हवी. चार बोटे माती घालून हौस भागत नाही. ती खणते, तळ लागतो, वर येते, दुसरीकडे खणते, पुन्हा तळ लागतो. अशाने दोन दिवसांत थकते.

आपल्याकडची काळी माती एकटी वापरू नये. ओली असताना ती चिखल होऊन पायांना चिकटते आणि वाळली की भेगा पडून ढेकूळ होते. उसाच्या शेतातली तर नकोच, तिच्यात खते आणि औषधे मुरलेली असतात. रोपवाटिकेतली खत न घातलेली तांबडी माती आणि चार पाण्यांतून धुतलेली बांधकामाची वाळू निम्मी-निम्मी घेतली तर चांगले मिश्रण होते. खडे चाळून काढावेत. ओलाव्याची परीक्षा घरातल्या बायकांना सांगावी लागणार नाही: मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. मग त्या मातीत अंगठ्याने तिरके भोक पाडून पाहावे. भोक ढासळले तर माती फार कोरडी किंवा वाळू जास्त. तिचा बोगदा असाच ढासळला तर ती आत गाडली जाण्याची भीती असते. कुंडीच्या तळाला पाणी साचू नये म्हणून भोके ठेवावीत. मुंग्या लागल्या आहेत का, ते रोज पाहावे. मुंग्यांची पावडर मात्र जवळपासही फिरकू देऊ नये.

ही कुंडी पिंजऱ्यात कायमची हवी. पोट दिसू लागल्यावर धावपळ करून ठेवली तर नवी वस्तू म्हणून ती तिच्याकडे फिरकत नाही.

आणखी एक. खणताना तिला कोणी पाहिलेले चालत नाही. जंगलात जमिनीवर उतरलेली, अर्धे अंग भोकात असलेली मादी म्हणजे सापाला, मुंगसाला आयती शिकार. म्हणून डोळे वटारून कोणी पाहते आहे असे वाटले की ती अर्ध्यावर काम टाकून वर चढते, आणि कधी कधी पुन्हा उतरतच नाही. पिंजऱ्याच्या खालच्या भागाला जुनी चादर बांधावी आणि घरातल्या पोरांना दोन दिवस त्या खोलीत येऊ देऊ नये. मोबाइलवर चित्रण करण्याचा मोह तर हटकून टाळावा. ती बोगद्यातच रात्र काढील, सकाळी पुन्हा खणील. घाई तिलाही नसते. अंडी घालून झाली की ती स्वतः माती ओढून, पायांनी चेपून जागा अशी सपाट करते की इथे काही झाले होते हे कळू नये. वर आल्यावर मात्र ती चिपाड झालेली असते. आधी भरपूर पाणी, मग खाणे. नराचा संबंध आला नसेल तर अंडी निष्फळ असतात, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढून टाकावीत आणि माती बदलावी.

जाळी, उजेड आणि पाणी

आता पिंजरा. एका मादीला दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच एवढी जागा द्यावी. उंची महत्त्वाची, कारण हा झाडावरचा जीव आहे. तो पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावा, म्हणजे तिची बसायची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर येते. वरून पाहणारा प्राणी तिला शत्रू वाटतो. चारही बाजूंना जाळी असावी. काचेच्या टाकीत हवा कोंडते, ऊन लागले तर ती भट्टी होते आणि स्वतःचे प्रतिबिंब पाहून ती दिवसभर बिथरलेली राहते. आपल्या पावसाळ्यात, जेव्हा कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तेव्हा मोकळी हवा नसलेल्या पिंजऱ्यात फुप्फुसाचा आजार ठरलेला. जाळी प्लॅस्टिकचा मुलामा दिलेल्या तारेची आणि बारीक घ्यावी. मच्छरदाणीची जाळी रातकिडे कुरतडतात. एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवावा. सोबत म्हणून दुसरा आणून ठेवणे ही माणसाची कल्पना आहे, तिची नव्हे.

आत करंगळीपासून अंगठ्याएवढ्या जाडीच्या पेरूच्या फांद्या आडव्या-तिरक्या बसवाव्यात आणि एक तरी फांदी मातीच्या कुंडीपर्यंत उतरवावी. जिना नसेल तर खाली यायचे कसे? आडोशाला जास्वंद, मनीप्लांट चालतात. कण्हेर आणि रुई ही चिकाची विषारी झाडे वर्ज्य. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर फवारणी झालेली असते, पाने धुऊन दोन आठवडे बाहेर ठेवावे आणि मगच आत न्यावे.

उजेडाविषयी एक गैरसमज फार आहे. खिडकीतून ऊन येते, तेवढे पुरे, असे लोक म्हणतात. हाडांसाठी जी अतिनील किरणे लागतात त्यांतला आवश्यक भाग खिडकीची काच अडवते. काचेतून आलेले ऊन ऊब देते, ड जीवनसत्त्व देत नाही. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही, पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, आणि अंड्यांच्या वेळी कळा द्यायला स्नायूंत जोर राहत नाही. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब दिवसा बारा तास लावावी. ती दिसायला उजळ असली तरी तिची किरणे हळूहळू मंदावतात, तेव्हा सहा महिने ते वर्षाने बदलावी. सकाळचे कोवळे ऊन गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यातून पंधरा-वीस मिनिटे दिले तर त्याहून उत्तम. अर्ध्या पिंजऱ्यावर सावली करावी आणि कावळ्या-मांजरांसाठी स्वतः तिथे बसावे.

शेकायला साधा दिवा पिंजऱ्याच्या बाहेर, वरच्या जाळीपासून थोडा उंच टांगावा. मादीच्या पाठीला २७ ते २९ अंश सेल्सिअस ऊब मिळाली की पुरे. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात खोलीच त्याहून तापते, तेव्हा दिवा बंद ठेवावा आणि पिंजरा घरातल्या थंड भिंतीला सरकवावा. रात्री पूर्ण अंधार हवा. हिवाळ्यातली आपली १४-१५ अंशांची रात्र निरोगी मादी सोसते.

वाटीतले पाणी तिला दिसतच नाही. ती पानावरचा दवाचा थेंब पिते. सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा मारावा. आमच्या दवाखान्यातली युक्ती सांगतो: धुतलेली सलाईनची बाटली नळीसकट पिंजऱ्यावर टांगायची, आत साधे पाणी भरायचे आणि चाकी फिरवून थेंब पानावर पडेल असे करायचे. मादी मान वर करून प्यायला लागली की समजावे जमले. खालचे पाणी मात्र मातीच्या कुंडीत पडू देऊ नये.

खाऊ घालणे हेही बाळंतपणाचेच अंग

पाळणाऱ्याचे प्रेम खाण्यातून उतू जाते. कॅमेलिऑनच्या बाबतीत ते घातक ठरते. मादीला जितके जास्त खाऊ घालावे आणि जितके गरम ठेवावे, तितकी अंड्यांची संख्या वाढते. वाढ पुरी झालेल्या मादीला एक दिवसाआड तीन-चार किडे पुरेत. राजारामपुरीतल्या मुलाकडे ती रोज दहा-बारा रातकिडे खात होती आणि घरात त्याचे कौतुक होते.

किड्यांना आधी गाजर, पालेभाजी खायला घालावी आणि देताना त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. माणसांच्या गोळ्या कुटून घालू नयेत, प्रमाण डॉक्टरला विचारावे. शेतातले नाकतोडे फुकट मिळतात, पण ऊस आणि भाजीपाल्यावरच्या फवारण्या पाहता मी ते सांगणार नाही. स्वयंपाकघरातली झुरळेही नकोत, त्यांनी आदल्या रात्री काय खाल्ले कोणास ठाऊक. राधानगरीकडे वळवाच्या पावसात काजवे पाहायला आपण हौसेने जातो. ते बाटलीत भरून आणून सरड्याला घालण्याची कल्पना कोणाच्या मनात येऊ नये. अमेरिकेतले काही काजवे खाऊन पाळीव सरडे तासाभरात मेल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा आपल्या काजव्यांवर प्रयोग नको.

केव्हा घाबरावे?

अंडी घालण्याआधी आठवडाभर मादी खाणे कमी करते, पिंजऱ्यात येरझाऱ्या घालते, जाळीला चिकटते, तळाशी उतरून माती हुंगल्यासारखी करते. गडद अंगावर पिवळे-निळे ठिपके उठतात. हे सारे नैसर्गिक आहे. अशा वेळी माती तपासावी, चादर बांधावी आणि दूर व्हावे.

येरझाऱ्या थांबल्या, माती उकरून अर्धवट सोडली, आणि मग ती तळाशीच बसून राहिली, दिवसा डोळे मिटू लागली, डोळे आत गेले, फांदीवरची पकड सुटू लागली, तर मात्र तो दिवस घालवू नये. सरपटणारे प्राणी पाहणारा पशुवैद्यक गाठावा. पोट चोळू नये, तेलाचे बोट घालून अंडे ओढू नये. कोंबडीला केलेला हा उपाय इथे आतडे फाडतो. एक्स-रेने अंडी मोजता येतात. पाणी आणि कॅल्शियम देऊन ताकद आली की औषधाने कळा आणता येतात, नाहीतर शस्त्रक्रिया करून अंडी काढतात. वेळेवर आणलेल्या माद्या वाचतात. उशिरा आणलेल्यांचे मी वर सांगितलेच आहे.

घरच्या माणसांसाठीही दोन शब्द, कारण हे सदर मुळात त्यांचे आहे. धडधाकट दिसणाऱ्या सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हे जंतू असू शकतात. त्यांनी माणसाला जुलाब, ताप येतो, आणि लहान मुलांत तो जिवावर बेतू शकतो. सरड्याला, पिंजऱ्याला किंवा किड्यांच्या डब्याला हात लावला की साबणाने हात धुवावेत. पिंजऱ्यातली भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासू नयेत. पाच वर्षांखालची मुले, गरोदर बाई आणि आजारी म्हातारी माणसे यांनी हाताळू नये.

कुंपणावरची मादी

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण हिणवून म्हणतो. घोयऱ्याच्या बाबतीत कुंपण हेच घर असते. ते ओलांडून रस्त्यावर आलेला घोयरा बहुतेक वेळा वाट चुकलेला नसतो. पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरच्या सुमारास, देशी घोयऱ्याच्या माद्या अंडी घालायला खाली उतरतात आणि मऊ माती शोधत हिंडतात. त्यांच्या संथ, झुलत्या चालीने रस्ता पार होईपर्यंत दोन ट्रॅक्टर येऊन जातात.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवरचे एक शेतकरी अशीच एक मादी डालग्याखाली झाकून तीन दिवस सांभाळत होते. चौथ्या दिवशी डालग्यासकट दवाखान्यात आले. "गाडीखाली आली असती डॉक्टर, म्हणून उचलली. पण काय खात न्हाई आणि रातभर कोबा खरडतीया." डालगे त्यांनी पडवीतल्या सिमेंटच्या कोब्यावर ठेवले होते. पोट पाहिले तर चिंचोक्यांनी भरलेल्या पिशवीसारखे उंचसखल. मला राजारामपुरीचे खोके आठवले.

या मादीला पिंजरा कसा करावा, हा प्रश्नच नव्हता. जिथून उचलली तिथेच, ज्या बाजूला तोंड करून चालली होती त्या बाजूच्या कुंपणाशी, आजच्या आज सोडा, असे त्यांना सांगितले आणि त्यांच्यासमोरच वनविभागाला कळवले. पुढच्या वेळी असे जनावर दिसले तर उचलून घरी नेऊ नका, गाड्या थांबवून त्याला रस्ता ओलांडू द्या. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, हेही सांगितले. ऊन उतरल्यावर त्यांनी ती बांधावरच्या करवंदीखाली सोडली.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. बांधावर माती उकरून पुन्हा चेपलेली दिसते, जनावर कुठे दिसत नाही, म्हणाले. मग जरा थांबून विचारले, "आता या बांधाला कुदळ लावू का नको?" त्यांचा ऊस त्या महिन्यात तुटणार होता. पाचट पेटवू नका आणि बांधाचा तेवढा तुकडा पुढच्या पावसापर्यंत तसाच राहू द्या, असे मी म्हणालो. त्यांनी तिथे खुणेला बांबूची कामटी रोवली आहे.